६० ग्रॅमची खोट

मी १ किलो बटाटे जमिनीत पुरले आणि साडेतीन महिन्यांनी ९४० ग्रॅम बाहेर काढले. ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगणार नव्हतो. पण शेजारच्या काकांनी ती भेटेल त्याला सांगून झालेली आहे, तेव्हा आता माझी बाजू मांडणं आलं.

लावणीचं पटकन उरकतो, कारण तिथे माझं काही चुकलेलं नाही. बटाट्यांना कोंब फुटले होते. प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे राहतील अशा बेताने ते कापले, कापलेली बाजू सुकावी म्हणून फोडी दोन दिवस सावलीत पसरून ठेवल्या, वाफा खणला आणि फूटभर अंतरावर, डोळे आभाळाकडे करून त्या पुरल्या. तीन आठवड्यांत रोपं वर आली. पुढे तर असा पाला माजला की माती दिसेना. वर जांभळट पांढरी फुलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. एकजण म्हणाले, "खाली काय खजिना असेल!" मी नम्रपणे हसलो. ते हसू आता आठवलं की अंगावर काटा येतो.

बटाट्याचा हाच तर त्रास आहे. त्याच्याच कुळातला टोमॅटो बघा, काय असेल ते चारचौघांत लाल होऊन दाखवतो. बटाट्याचा सगळा कारभार जमिनीखाली. तुम्ही महिनोन्‌महिने पाणी घालायचं, खत घालायचं आणि विश्वास ठेवायचा. बायको अधूनमधून विचारायची, "बटाटे आलेत का?" मी सांगायचो, "खाली आहेत." ती वाफ्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि आत जायची.

पाला पिवळा पडून माना टाकायला लागला तेव्हा मी पाणी तोडलं. साल घट्ट व्हावी म्हणून आणखी पंधरा दिवस दम धरला. आणि रविवारी सकाळी कुदळ घेऊन उतरलो.

पहिलाच घाव सगळ्यात मोठ्या बटाट्यावर बसला. वाफाभर जागा असते, बाकीचे बटाटे सुपारीएवढे असतात, पण कुदळीला मोठा बरोबर सापडतो. मुठीएवढा बटाटा, मधोमध दोन भाग, आतून पांढराशुभ्र, कडेने पाणी सुटलेलं. मी तो मातीखाली सरकवणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"किती लावले होते?"

काका निवृत्त लेखापरीक्षक आहेत. बागकामाचा त्यांचा अनुभव म्हणजे गॅलरीतला प्लास्टिकचा वेल. तो ते आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसतात. तो आजवर कधी सुकलेला नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलंय.

"एक किलो," मी म्हणालो. इथेच घोळ झाला. "होते आपले थोडेसे" म्हणून सुटायला हवं होतं. पण लेखापरीक्षकासमोर माणूस का कोण जाणे, खरं बोलतो.

"थांबा," असं म्हणून काका आत गेले आणि ताणकाटा घेऊन आले. पितळी तोंडाचा, खाली वजन अडकवायचा आकडा असलेला, बहुधा त्यांच्या वडिलांच्या काळातला. सोबत एक कापडी पिशवी. पिशवीवर तिचं वजन शाईने लिहून ठेवलेलं होतं; ते त्यांनी आधी एका चिठोऱ्यावर टिपून घेतलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की रविवार गेला.

पहिलं वजन भरलं १ किलो १९० ग्रॅम. पिशवीचं वजा करून. मी म्हणालो, "बघा!"

"मातीसकट," काका म्हणाले. "माती तुमचीच होती. ती उत्पन्नात धरता येत नाही."

मी सांगितलं की काढलेले बटाटे धुवायचे नसतात, ओले झाले की साठवणीत टिकत नाहीत. हे खरं आहे, कुणालाही विचारा. काकांनी ते मान्य केलं, आत जाऊन दातांचा जुना ब्रश आणला आणि कुंपणाच्या कठड्यावर वर्तमानपत्र पसरून एकेक बटाटा घासायला घेतला. आधी अंगावरून, मग डोळ्यांतून. एका बारक्या बटाट्याच्या डोळ्यात ब्रश शिरेना, तर खिशातून टाचणी काढली. मी उन्हात उभा. हातात कुदळ. माझीच माती माझ्यादेखत कागदावर साचत होती, आणि शेवटी काकांनी तिची पुडी बांधून मला परत दिली. ११० ग्रॅम.

"आता हे दोन हिरवे कसले?"

हे मला सांगावं लागलं. बटाट्यावर ऊन पडलं की तो हिरवा होतो. नुसता हिरवेपणा बाधत नाही, पण ज्या उजेडाने तो हिरवा होतो त्याच उजेडाने आत सोलानिन वाढतं. ते विषारी असतं, आणि शिजवून जात नाही. म्हणून बुंध्याशी मातीची भर लावत राहायची, कंद उघडे पडू द्यायचे नाहीत.

"मग तुम्ही भर लावली नाहीत?"

"एकदा लावली होती."

"एकदा," काकांनी लिहून घेतलं. "दोन नग अपात्र. १४० ग्रॅम वजा."

कापलेल्या बटाट्यावरून मात्र ते दिलदार निघाले. दोन्ही भाग एकमेकांना जोडून बघितले, बरोबर जुळले, आणि "नग एक, सदोष" म्हणून पिशवीत टाकले. मला वाटलं झालं. तेवढ्यात त्यांचं लक्ष खणलेल्या मातीत पडलेल्या एका तपकिरी, लिबलिबीत गोष्टीकडे गेलं. बोटाने दाबली तर नुसती साल, आत पाणी.

"हे काय?"

"ते बेणं. मी लावलं होतं ते."

"म्हणजे मुद्दल?"

"हो."

"मुद्दल कुजलं?"

"काका, ते कुजतंच. त्याच्यावरच रोप पोसतं. नवे बटाटे त्याच्या वर फुटलेल्या खोडाला येतात. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, खोड आहे, जमिनीखालचं. जितकी भर लावाल तितकं खोड मातीत राहतं, तितके..." मी इथे थांबलो, कारण माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध पुरावा जात होता.

काका बराच वेळ त्या सालीकडे बघत राहिले. साडेतीन महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा खरं दुःख पाहिलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. "मुद्दल कुजतं हे माहीत असून तुम्ही लावलंत," ते हळूच म्हणाले.

शेवटचं वजन: ९४० ग्रॅम. काकांनी चिठोऱ्याखाली दोन रेघा मारल्या. "नत्राचं खत तीनदा. पाणी एक दिवसाआड. आणि वर जमिनीला ६० ग्रॅम देऊन आलात. अहो, टोपलीत ठेवले असते तरी एवढेच राहिले असते."

माणसाची अब्रू जायला लागली की तो इतिहासाकडे धावतो. मी काकांना सांगितलं की दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या आसपास लोक हजारो वर्षांपासून बटाटा पिकवतायत. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला, तर तिथे कुणी खाईना. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला १७५६ साली फर्मान काढावं लागलं, की बाबांनो, बटाटा लावा. फ्रान्समध्ये पारमांतिए नावाच्या गृहस्थाने आपल्या बटाट्याच्या शेतावर म्हणे दिवसा शिपाई उभे केले आणि रात्री काढून घेतले. एवढा पहारा आहे म्हणजे माल भारी असणार, असं समजून लोकांनी रातोरात चोरून नेले आणि आपापल्या परसात लावले. फ्रेडरिकच्या थडग्यावर तर लोक आजही बटाटे ठेवतात.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्यांचं वजन कुणी केलं होतं?"

मी पुढे सांगणार होतो की बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि मुळात तो रताळ्याचा शब्द आहे. पण नावसुद्धा उसनं म्हटल्यावर त्यांनी आणखी काहीतरी वजा केलं असतं.

खरं कारण मला ठाऊक आहे. इथे काका नाहीत म्हणून सांगतो. नत्र जास्त झालं. नत्राने पाला वाढतो, आणि पाला वाढत असताना झाड खाली कशाला बघेल? ज्या हिरवळीची लोक वाहवा करत होते, तिनेच माझे बटाटे खाल्ले. शिवाय लावायला उशीर केला. कंद धरायच्या सुमारास रात्री थंड लागतात, आणि माझ्या नेमक्या तापल्या. भरीचं तर आलंच. पण हे सगळं एखाद्या जाणत्याने खांद्यावर हात ठेवून सांगावं. टाचणी घेऊन नव्हे.

आणि काका एकवेळ परवडले. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात जो भेटेल तो विचारायला लागला, "काय, ६० ग्रॅम मिळाले का परत?" ज्यांनी आयुष्यात साधं मेथीचं बी मातीत टाकलेलं नाही, ते मला सल्ला देऊ लागले. एकाने मोबाईल पुढे धरला. कोणीतरी कुंडी उलटी करतो आणि धबाधबा बटाटे पडतात, स्वच्छ, एकसारखे, एकालाही माती नाही. मी म्हटलं, हे आधी भरलेत. तर म्हणे, "तुम्हाला जमलं नाही म्हणून दुसऱ्याचं खोटं?" आता काय बोलायचं? तीन महिने लोकांनी फुलं बघितली ती फुकट बघितली. त्या फुलांचं वजन कुणी केलं नाही. पहाटे कोंबांनी माती उचलून धरलेली असायची, जरा तडकलेली, कडेला दवाचा थेंब. ते मी एकट्याने बघितलं, आणि ते कुठल्या चिठोऱ्यावर नाही. माणसाने हौसेने काही केलं की त्याचा हिशेब मागायची एवढी घाई का असते लोकांना, ते मला खरंच कळत नाही. मला राग आलाय. विनोदाने लिहितोय म्हणून तो कमी समजू नका.

बायको म्हणाली, "निदान करपा तर नाही आला." ते मात्र खरं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये करप्याने वर्षामागून वर्षं बटाटा नासला, सुमारे दहा लाख माणसं उपासमारीत आणि साथींत गेली. तिथे लोक बटाट्यावर जगत होते. त्या पुढे माझ्या ६० ग्रॅमचं तोंड उघडायची सोय नाही, म्हणून मी दोन दिवस गप्प बसलो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाफ्याकडे गेलो तर काकांचा ताणकाटा अजून कुंपणाच्या खिळ्याला लटकलेला. विसरले होते. मी तो परत द्यायला उचलला, आणि सहज काट्याकडे नजर गेली.

आकडा रिकामा होता. आणि काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या मागे होता, चांगला ८० ग्रॅम मागे. काढून हलवला, झटकला, दुसऱ्या खिळ्याला टांगला. ८० ग्रॅम मागेच. मी तिथल्या तिथे मातीत बोटाने गणित मांडलं. ९४० आणि ८०. १ किलो २० ग्रॅम.

२० ग्रॅम नफा! म्हणजे अगदी लिंबाएवढा का होईना, एक बटाटा माझ्या कष्टाचा होता. वीस वेळा खात्री केली. मग लगेच धावत जाणं बरं दिसेना, म्हणून तीन दिवस मनात वाक्यं जुळवली. आज सकाळी अंघोळ करून, नीट कपडे घालून, काटा हातात घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

काकांनी काटा डोळ्यांपाशी नेला. चष्मा काढून बघितला, घालून बघितला. "हो," ते म्हणाले. "मागे आहे."

"मग?"

"काढणी कधीची?"

"गेल्या रविवारची."

त्यांनी बोटांवर मोजलं. "आज सोमवार. आठवा दिवस. हरकत सात दिवसांच्या आत घ्यायची असते," असं म्हणून काटा आत नेला, आणि जाता जाता फडक्याने वेलाचं एक पान पुसलं.