हनुवटीचं संरक्षण

कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सेफ्टीचं खातं सांभाळणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, 'चार मार्चवाला' म्हणतात. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. छातीला हिरवा बिल्ला, हात पुढं करून शपथ, मग वडा-सांबार. वर्षभराची सुरक्षा उरकली. बाकीचे दिवस मी फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भागांवरची वाळू घासून काढणाऱ्या लोकांना सांगत फिरायचो, की मास्क लावा, वाळूतली सिलिका फुप्फुसात बसते, ती परत निघत नाही. ते 'लावतो की' म्हणायचे आणि मास्क मोटरसायकलच्या हँडलला अडकवायचे.

२०२० च्या मार्चमध्ये इस्लामपूरला कोरोनाचे रुग्ण सापडले आणि अख्खा सांगली जिल्हा एका रात्रीत माझ्या बाजूला आला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, तो मास्क आता सरकारच सक्तीचा करत होतं. टाळेबंदीनंतर भट्ट्या पुन्हा पेटल्या तेव्हा मी गेटवर थर्मल गन घेऊन ऐटीत उभा होतो. (ही गन सकाळीच चालवायची असते. दुपारी ओतकाम करून आलेल्याच्या कपाळाला लावली, तर अॅम्ब्युलन्सच बोलवावी लागेल.)

पण मास्क आले ते निळे, तीन पदरी. दिसायला कापड, असतं प्लास्टिकच. भट्टीवरच्या अण्णांच्या मास्कला पहिल्याच पाळीत ठिणगीनं भोक पडलं.

"सायेब, विषाणू ह्यातनंच जाईल, का त्येला येगळं पाडू?"

मग सुती मास्क मागवले. तर सेफ्टी गॉगलवर वाफ धरायला लागली. अण्णा वितळलेल्या धातूच्या भांड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "लॅडल दिसंना झालाय. त्यात पडलो तर कोरोना व्हनार न्हाई, एवढं मातर नक्की." तेव्हापासून मास्क नाकावरून उतरला आणि हनुवटीवर स्थायिक झाला. आमच्या कारखान्याइतक्या सुरक्षित हनुवट्या महाराष्ट्रात कुठं नसतील.

वरच्या ऑफिसात एन-९५ आले, तेही व्हॉल्व्हवाले. जुलैमध्ये केंद्र सरकारनंच राज्यांना पत्र लिहिलं, की व्हॉल्व्हचा मास्क संसर्ग रोखायला उपयोगाचा नाही. मी अण्णांना कारण समजावलं : आत घेतलेला श्वास गाळला जातो, बाहेर टाकताना व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळं समोरच्याच्या अंगावर.

"म्हंजे पुढाऱ्यासारखं," अण्णा म्हणाले. "घ्यायचं ते निवडून, सोडायचं ते लोकांवर."

कॅन्टीनमध्ये एकाआड एक बाकावर फुल्या मारल्या होत्या. त्यामुळं जी भांडणं पूर्वी शेजारी बसून हळू आवाजात व्हायची, ती आता सहा फुटांवरून ओरडून व्हायला लागली. एक बाजू थाळ्यांचा हिशेब मागायची. दुसरी विचारायची, बार उघडले, मग देवळं का बंद? १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळं उघडली, तर वाद 'कुणामुळं उघडली' यावर गेला. दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. बोलायचं ते मास्क खाली घेऊन. वर घ्यायचा तो समोरचा बोलायला लागल्यावर.

जानेवारीत ग्रामपंचायतीची मतदानं आली, १५ तारखेला. आसपासच्या गावांतली पोरं पॅनेलचे मास्क लावून कामावर यायला लागली. मी अंतर राखायचं म्हणून कॅन्टीनचा चहा बंद केला होता आणि अर्धं मोल्डिंग खातं तोंडावर कपबशी छापून माझ्यासमोर उभं. इतका शिस्तबद्ध निषेध मी पाहिला नाही. चिन्हाच्या मास्कला बंदी घालावी, तर कंपनीचे मास्क संपलेले. कपबशीवाल्यांना आत सोडलं की शिट्टीवाले विचारणार, साहेब कुठल्या पॅनेलचे? शेवटी 'मास्क उलटा घालावा' असा फलक लावला. पोरांनी उलटे घातले. मतदान झाल्यावर हरलेल्यांनी तसेच ठेवले, जिंकलेल्यांनी सुलटे केले.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. दुसऱ्या दिवशीच्या पाळीला फेटलिंगमध्ये एकाच्याही तोंडावर फडकं नव्हतं. ग्राइंडर चालू, धूळ नेहमीसारखी. मी जुना फलक पुसून पुन्हा टांगला : 'धुळीच्या विभागात मास्क सक्तीचा.'

"सक्ती उठली की सायेब," अण्णा म्हणाले. "टीव्हीवर सांगितलंय."

"ती विषाणूची, अण्णा. ही धुळीची. ही कधीच उठली नव्हती."

अण्णांनी ग्राइंडर बंद केला. आजूबाजूचे चौघं-पाचजण जवळ सरकले.

"बरं," अण्णा म्हणाले, "मग ही धूळ राज्याच्या अखत्यारीतली का केंद्राच्या?"