मुलं सुधारा, पाच वाजेपर्यंत

मुख्याध्यापक महोदय, आधी घाबरणं सोडा. विद्यार्थ्यांच्या वर्तनात सुधारणा घडवण्याचा शालाव्यापी उपक्रम राबवा, असं पत्र आलं म्हणजे मुलं बिघडली असं नसतं. मार्च जवळ आलाय, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. वर मान्यवरांचे फोटो, मध्ये उपक्रमाचं नाव, जागा उरलीच तर मुलं. उपक्रम फ्लेक्ससमोर सुरू होतो आणि बहुधा तिथंच आटोपतो, तेव्हा छपाईत काटकसर नको. शनिवार २०२४ पासून शासन निर्णयानं आनंददायी झालाय; सुधारणा शुक्रवारपर्यंत उरका.

छडीला हात लावू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींवर बंदी आहे आणि हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याऐवजी 'हाताची घडी, तोंडावर बोट' वापरा. अनुदान लागत नाही आणि पहिली ते चौथी एका दमात सद्वर्तनी दिसते. सर्दी झालेल्या पोराला तेवढी सूट द्या, त्याला श्वास घ्यायचा असतो.

वर्ग सोडून तुम्हाला माहिती भरायला बसावं लागणारच. कायद्यानं शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच जादा कामं लावता येतात. बाकीची सगळी आपत्तीत धरा. दुसऱ्या मॅडम मतदारयाद्या घेऊन वस्तीवर गेल्या की शाळा मॉनिटरच्या हाती. तो फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहितो. आमचा चौथीतला मॉनिटर दोन बोरांत नाव पुसतो. चिंच दिली तर नावापुढचा 'गुणिले तीन' एकावर आणतो. अहवालात याला 'नेतृत्वगुण' म्हणायचं.

प्रामाणिकपणाचं दुकान मात्र उघडाच. टेबलावर पेन्सिली, खोडरबर, शेजारी पैशांचा डबा, दुकानदार कुणी नाही. आमच्या डब्यात पहिल्या आठवड्यात सात रुपये कमी भरले. केंद्रप्रमुख येणार होते, म्हणून मी गुपचूप दहाची नोट टाकली. मॅडमनीही टाकली, मला न सांगता. साहेबांसमोर मोजणी झाली, तेरा रुपये जास्त! साहेब कौतुकानं बघत होते तेवढ्यात तिसरीतली एक पोरगी उठून म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच टाकले की सकाळी, मी बघितलं ना!" तिच्या नोंदीत मी 'अनावश्यक बोलते' असं लिहिलं.

नोंदींवरून आठवलं. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाचं वागणं शब्दांत मांडायचं ठरलं: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना झकास आहे, खरंच. पण मुलाकडे बघून शब्द शोधत बसाल तर रात्र होईल. व्हॉट्सॲपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरत असते, ती हजेरीच्या क्रमानं उतरवत जायची. मी तेच केलं. हजेरी क्रमांक अकरा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला. त्याच्या वाट्याला आलं 'नियमित उपस्थित राहतो, मित्रांशी मिळून मिसळून वागतो'. त्याचे दोन्ही मित्र त्याच ट्रॉलीत बसून गेले होते, तेव्हा निम्मी नोंद तरी खरी असावी.

आता उपक्रमाचा अहवाल भरायची ऑनलाइन लिंक. 'वर्तनात सकारात्मक बदल झालेले विद्यार्थी' इथं सगळा पट भरा, अकरा नंबरसकट. आकडा कमी टाकलात तर कारण विचारणारा नवा रकाना उघडतो. 'बदल न झालेले' समोर निरंक. फोटो तीन जोडायचे. त्यातल्या एकात तरी मुलं हसत असावीत, तोंडावरची बोटं तेवढ्यापुरती काढायला सांगा.

लिंक पाचला बंद होते आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते. शिडी धरायला मॉनिटरला न्या. बोरं खिशात असू द्या.