एक फोल्डर बनवायला एवढा ताप?

डोकं फिरलंय खरंच. रिझल्ट ठेवायला प्रोग्रामनं एक फोल्डर बनवायचाय, एवढंच काम आहे हो. पण फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी स्टँडर्ड सबरूटीनच (भाषेच्या अधिकृत नियमांतला, नावानं बोलवायचा तयार कोड) नाही, २०२३ च्या स्टँडर्डमध्येसुद्धा नाही, मग काय, शेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, कमांड द्या.

जुन्या कोडमध्ये जागोजागी 'कॉल सिस्टिम' (शेलकडे कमांड पाठवणारी ओळ) पेरून ठेवलंय. ते कधीच स्टँडर्डमध्ये नव्हतं, ज्या त्या कंपायलरनं (कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं) आपलं आपलं घुसडलेलं. इंटेलच्या कंपायलरला त्यासाठी आयएफपोर्ट नावाचं मॉड्यूल पाहिजे, जीफोर्ट्रान या दुसऱ्या कंपायलरला नको, आणि जीफोर्ट्रानमध्ये लिनक्सवर कमांड १ हा एरर कोड देऊन फेल झाली की स्टेटसमध्ये येतात २५६! भाषा १९५७ पासूनची आणि कमांड चालवायची अधिकृत सोय आली कधी, तर फोर्ट्रान २००८ मध्ये, एक्झिक्यूट-कमांड-लाइन. ती तरी धड द्यायची ना. फक्त कॉल एकसारखा झाला, आतली स्ट्रिंग जशीच्या तशी शेलकडे जाते, लिनक्सवर जी 'एमकेडिर मायनस पी' मुकाट्यानं फोल्डर बनवते तीच विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टकडे गेली की 'मायनस पी' नावाचाच एक फोल्डर तयार होतो, आणि पाथमध्ये पुढे झुकणारा स्लॅश असेल तर सिंटॅक्स चुकीचा म्हणून ओरडतं. म्हणजे मशीन कुठलं ते आपणच ओळखायचं, आणि ते सांगणारंही स्टँडर्डमध्ये काही नाही, म्हणून लोक 'ओएस' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमनं ठेवलेली नोंद) वाचून विंडोज आहे का ते बघतात. ही काय पद्धत झाली?

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो माहितीये? एक्झिटस्टॅट (कमांडनं परत दिलेला कोड) मागितला नाही तर कमांड आपटली तरी प्रोग्राम ढिम्म पुढे जातो. आमच्याकडचा रन रात्रभर चालला, सकाळी शेवटच्या ओपनला फाइल सापडत नाही म्हणून मेला, कारण फोल्डर सुरुवातीलाच बनला नव्हता. ज्यांनी लिहिलं त्यांनी एक्झिटस्टॅट, सीएमडीस्टॅट (कमांड चालवता तरी आली का ते सांगणारं) काहीच घेतलेलं नाही, नुसती कमांड टाकून मोकळे. अरे दोन आर्ग्युमेंट लिहायला काय जात होतं रे तुमचं?

कमांडचं आउटपुट हवं असेल तर तेही हातात मिळत नाही. टेम्पररी फाइलमध्ये वळवा, ती उघडा, वाचा, बंद करा, पुसा. आपण लिहिलेली फाइल कमांडला द्यायची असेल तर आधी क्लोज किंवा फ्लश करा, नाहीतर डेटा बफरमध्येच (मेमरीतच) अडकलेला आणि कमांडला फाइल रिकामी. आउटपुट स्ट्रिंगमध्ये घ्यायला एक आर्ग्युमेंट आणि फोल्डरसाठी एक साधी सबरूटीन, एवढं द्या हो स्टँडर्डमध्ये!