ओल्या जागेला आरसा नको

नव्या घराच्या वास्तुशांतीला आलेला पाहुणा पहिलं कौतुक फरशीचं करतो. "तोंड दिसतंय बघा!" हॉलमध्ये ठीक आहे. पण पोर्च, जिना आणि बाथरूमच्या दारापुढची फरशीसुद्धा तशीच घोटून घेणं साफ चूक आहे, असं माझं मत आहे. आजी पडली की आपण "वय झालं" म्हणतो. पण पाय घसरायला ओली, गुळगुळीत फरशीही कारण असू शकते, आणि ती आपणच तशी करून घेतलेली असते.

मोझॅक असो की ग्रॅनाइट, कोरडं आणि स्वच्छ असेल तर फारसं घसरत नाही. ओल्यावर टाच टेकली की खालच्या पाण्याला पळायला जागा लागते. टाकी म्हणजे छिन्नी मारलेल्या काळ्या दगडावर ते बारीक खळग्यांत उतरतं. पॉलिशवर जागाच नसते, म्हणून टाच पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगते. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर सांगलीत ज्यांनी घरातला गाळ काढला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

किती खडबडीत हवं? नुसत्या पाण्यासाठी साधारण 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचसखलपणा पुरतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ब्रिटनमध्ये लंबकाला लावलेलं रबर फरशीवर घासून तिची पकड मोजतात; त्या चाचणीत ओल्या फरशीला 36 किंवा जास्त आकडा आला तर धोका कमी मानतात, 25 च्या खाली आला तर जास्त. थोडक्यात, फरशी ओबडधोबड करायची नाही, फक्त चकाकी सोडायची.

जुन्या मोझॅकला त्यासाठी तोडफोड लागत नाही. पॉलिशवाल्याला सांगा, ओल्या जागेत 120 नंबरचा दगड पाण्यासोबत फिरव आणि तिथंच थांब. पुढचे जास्त बारीक 220, 320, 400 नकोत, चकाकी आणणारी ऑक्झॅलिकची पावडर नको आणि मेण तर अजिबात नको. निघालेला राडा सांध्यात वाळू द्यायचा नाही, लगेच धुऊन काढायचा. आधी कोपऱ्यात एक फूट करून, ओलं करून बघा.

"ॲसिड टाकलं की खरखरीत होतं" हा सल्ला मोझॅकवर ऐकू नका. त्यातली संगमरवराची खडी आणि सिमेंट दोन्ही ॲसिड खातं. खड्डे पडतात, त्यात मळ बसतो. ग्रॅनाइटसाठी मिळणाऱ्या काही अँटीस्किड द्रवांत फ्लोराइड असतं. ते कातडीतून आत जाऊन भाजतं, म्हणून ते काम घरी करायचं नाही. नवीन ग्रॅनाइट घेत असाल तर बाहेरच्या पायऱ्यांना फ्लेम फिनिश, म्हणजे ज्योतीने भाजून खरखरीत केलेला दगड मागा. चामड्यासारखं दिसणारं लेदर फिनिश हाताला छान लागतं, पण पावसात त्याच्यावर भिस्त नको.

जिन्यात एक चूक घरोघरी दिसते. तीन खाचा मारलेल्या असतात, पण कडेपासून दोन-तीन इंच आत. उतरताना पाय घसरतो तो कडेवरून! खरखरीत पट्टी दोन इंच रुंद, कडेला जवळजवळ लागून हवी. चिकटवण्याआधी दगड धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर पावसाळ्यात टोकं उचलतात आणि पट्टीतच पाय अडकतो.

आता पुसण्याचं. बादलीत अंदाजाने ओतलेलं लिक्विड फरशीवर थर धरतं. पुढच्या वेळी पाणी पडलं की त्याचा साबण होतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या, नंतर साध्या पाण्याने एक हात फिरवा. घट्ट पिळलेलं फडकंसुद्धा गुळगुळीत फरशीवर घसरण्याइतकी ओल ठेवतं, म्हणून पॅसेज अर्धा-अर्धा पुसा, चालायला कोरडी वाट राहू द्या. दिवाळीत अभ्यंगाचं तेल सांडलं तर आधी पाणी टाकू नका, तेल पसरतं. कोंडा किंवा पीठ टाकून टिपून घ्या, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा.

साताऱ्याच्या रिपरिपीत पोर्चच्या शहाबादीवर शेवाळ धरलं तर ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रश पुरतो. त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि दारातलं चिंध्यांचं पायपुसणं बदला. पॉलिशवर ते स्वतःच घसरतं. रबरी पाठीचं, पाच-सहा फूट लांब घ्या. ओली चप्पल एका पावलात कोरडी होत नाही.