शेण न्यायला पैसे मोजणाऱ्या देशातून

आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर जूनला एक भांडण ठरलेलं. पुण्या-मुंबईत गेलेले म्हणतात, शेतकऱ्यांनी युरिया ओतून जमिनीची वाट लावली, आता सेंद्रियच करा. मग कुणीतरी मला विचारतं, 'तुमच्या हॉलंडात कसं असतं रे?'

हॉलंडात शेण घेऊन जा म्हणून शेतकरी पैसे मोजतो. मी आइंडहोवेनला राहतो. भोवतालच्या ब्राबांटमध्ये डुकरं-गायी इतक्या की शेणाला जमीन पुरत नाही. युरोपच्या नियमानं शेणखतातून हेक्टरी फार तर १७० किलो नत्र (नायट्रोजन) टाकायचं, वरचं शेण टँकर भरून बाहेर धाडायचं. नत्राच्याच वादात २०१९ साली शेतकऱ्यांनी हेगवर, म्हणजे इथलं सरकार बसतं त्या शहरावर, ट्रॅक्टर नेले. बरं, ही जनावरं खातात काय? त्यात ब्राझीलचं सोयाबीनही आलं. म्हणजे इथलं शेणसुद्धा थोडंफार परमुलखातलंच!

जालन्याकडे आमची साडेतीन एकर आहे, कापूस नि मका. बैल गेले, ट्रॅक्टर आला, गोठ्यात एक म्हैस उरली. तिच्या शेणावर साडेतीन एकर कसं पिकायचं? श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम थांबवली आणि वर्ष संपायच्या आत माघार घेतली. तोवर भाताचं व्हायचं ते झालं होतं.

युरिया जास्त पडतो हे मात्र खरं. त्याला अडाणीपणा म्हणू नका. ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, ५० किलोचं डीएपीचं, म्हणजे स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचं, १३५० ला. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या (पालाश म्हणजे पोटॅश) खतांवरचं अनुदान ठरावीक करून टाकलं, युरिया तेवढा वगळला; म्हणून तो स्वस्तच राहिला. किंमत दिल्लीनं ठरवायची आणि शिव्या शेतकऱ्यानं खायच्या. वर दुकानदाराचं लिंकिंग: युरिया हवा तर ही बाटलीही घे.

मी ग्रुपवर लिहिलं, अनुदान पोत्यावर नको, युरोपासारखं जमिनीच्या हिशेबानं रोख द्या. शेतकरी मग मोजून खत घेईल.

संध्याकाळी आमचं शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणाऱ्या काकांचा फोन आला. "एकरी म्हंजे सातबारा बघूनच ना? मग ते तुझ्याच खात्यात येतील की."

कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्यानं हक्क लागेल, या धास्तीनं आमच्याकडे बटई कुणी कागदावर आणत नाही. आम्हीही आणलेली नाही.