पोटावर घेऊ का पोटाखाली?

भाच्याचं लग्न आहे म्हणून गेल्या आठवड्यात उदगीरला पँट शिवायला टाकली. आमच्या शिंपीमामांनी गळ्यातली टेप काढली, कमरेभोवती घेतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, पोटावर घेऊ का पोटाखाली?"

वीस वर्षं झाली, मी पोटाखालीच घ्या म्हणतो. तिथं ३४ भरतं. "कॉलेजात ३२ होती, आता ३४" असं स्टाफरूममध्ये कॉलर ताठ करून सांगायला बरं पडतं. त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणलं मामा, वर पण घेऊन बघा की. बेंबीच्या जरा वर टेप आली. ३७! मामा काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं.

आता गंमत बघा. महिन्याभरापूर्वीच एका आरोग्य शिबिरात काट्यावर उभा राहिलो होतो. वजन ६२ किलो, उंची ५ फूट ५ इंच, बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) २२.८. "एकदम फिट आहात सर," म्हणाले. मी खुश. येताना भजी खाल्ली.

काटा खोटं बोलला नाही, पण त्याला कळतं तेवढंच तो बोलला. किलो हाडाचा आहे, मांसाचा आहे का चरबीचा, आणि चरबी असली तर ती कुठं बसलीय, हे त्याला कुठून कळणार? बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले नावाच्या माणसानं १८३० च्या दशकात मांडलं. तो गडी डॉक्टर नव्हता, खगोल आणि आकडेशास्त्रातला होता, 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता. बीएमआय हे नाव तर १९७२ साली पडलं. एखाद्याचं पोट बघून त्याचा धोका सांगायला ते कधी केलेलंच नव्हतं.

चरबी सगळी सारखी नसते. मांडीवरची, कुल्ल्यावरची चरबी त्या मानानं गरीब. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरला चिकटून बसते ती खोडकर. तिच्यातून सुटलेले फॅटी ॲसिड थेट लिव्हरमध्ये जातात, इन्सुलिनचं काम बिघडतं, मग शुगर, मग हृदय. २००५ साली ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांचा एक मोठा अभ्यास आला होता. हार्ट अटॅकचा अंदाज बांधायला बीएमआयपेक्षा कमर आणि नितंबाचं गुणोत्तर कितीतरी चांगलं, असं त्यात निघालं.

मला सगळ्यात आवडली ती २०१२ ची बापलेकाची जोडी. क्राकाऊर आडनाव. बाप डॉक्टर, पोरगा न्यूयॉर्कच्या कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक. (आपल्याकडं असं घर असतं तर बापानं पोराला कधीच माफ केलं नसतं.) त्यांनी अमेरिकेतल्या १४ हजार माणसांची मापं घेऊन असा आकडा काढला की त्यातून उंची-वजनाचा प्रभाव वजा होतो आणि उरतो तो नुसता आकार. कमरेचं माप मीटरमध्ये घ्यायचं, त्याला बीएमआयच्या दोन-तृतीयांश घातानं आणि उंचीच्या वर्गमुळानं भागायचं. बीएमआयमध्ये लई बारीक आणि लई जाड, दोन्हीकडची माणसं जास्त मरतात. इथं तसं नाही. आकडा चढला की लवकर मरण्याचा धोका चढतो, सरळ. बिडी-सिगरेट, बीपी, शुगर हिशोबात धरूनसुद्धा. त्या अमेरिकन लोकांची सरासरी ०.०८ च्या आसपास होती. माझा आकडा ०.०९१ आला. तीनदा कॅल्क्युलेटर मारला.

त्यांचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये, मान्य. पण आपली तऱ्हा त्यांच्यापेक्षा वाईटच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली. सरासरी २.७ किलो, इंग्लंडची साडेतीन. आपलं बाळ सगळीकडून कमी, पण चरबी त्या मानानं राखून. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर आधी चरबी जपतं.

हे वाचलं आणि आई आठवली. मी १९७३ चा. ७२ च्या दुष्काळात आई रोजगार हमीवर खडी फोडायला जात होती आणि मी पोटात. घरात लाल मिलो ज्वारीची भाकर, कामावर सुकडी. माझं पोट त्याच दुष्काळाचं आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. वीस वर्षं बुलेटवर शाळेला गेलो आणि लग्नातली एक पंगत सोडली नाही, तेही आहेच. पण हातपाय काटक्या आणि मधे माठ, अशी ७२ च्या आगंमागं जन्मलेली किती माणसं आपल्या मराठवाड्यात दिसतात! त्यांना आपण "खात्यापित्या घरचा" म्हणतो.

मामांच्या जुन्या वहीत आमच्या बॅचच्या एका मित्राचं पान आहे. ३०, ३२, ३६, ३९. पुढं काही नाही. ४६ व्या वर्षी गेला. तंबाखूही होती, सगळं कमरेवर ढकलत नाही. पण तोही कधी 'जाड' दिसला नाही.

बायकांचं तर आणखी अवघड. गड्याला निदान पँटचा नंबर असतो. परकराच्या नाडीला कुठं नंबर? जरा सैल बांधली की झालं. सरकारी आरोग्य पाहणीनं २०१९-२१ मध्ये पहिल्यांदा कमर मोजली, तर देशात पोट सुटलेले पुरुष १२ टक्के आणि बाया ४० टक्के. भारतीय पुरुषाला मर्यादा ९० सेंटीमीटर, बाईला ८०. गावातल्या आशा कार्यकर्त्या ताई तिशीपुढच्या लोकांचा आरोग्याचा फॉर्म भरतात, त्यात हा रकाना आहेच. आमच्या घरी ताई आल्या तेव्हा मी खुर्चीतून न उठता "लिहा ३४" म्हणलो. म्हणजे खोटं लिहिलं ते मीच. हिचं तर विचारलंही नाही, "ह्याच्यापेक्षा दोन जास्त टाका" म्हणून मोकळा.

मोजायचंच असलं तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, सरळ उभं राहून, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवं. माझी निम्मी उंची साडेब्याऐंशी, कमर ९४.

काल पँटची ट्रायल होती. मामांना म्हणलं, माझ्या पानावर वरचं माप पण लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत घेऊ. त्यांनी ३४ च्या शेजारी ३७ लिहिलं, पेन कानाला लावला आणि म्हणाले, "लिवलं. पर सर, पँट कोन्त्या मापाची ठिवू?"