मालकाचा हिस्सा म्हणजे नुसती धूळफेक?

पेन्शन, आजारपण, अपघात यांसाठी कामगार आणि मालक जो हप्ता भरतात, तो सामाजिक विमा. त्याबद्दल सध्या फिरणारा मेसेज असा: ‘सामाजिक विम्यात मालकही भरतो, ही धूळफेक आहे. ते पैसे तुमच्याच पगारातून जातात. मालकाचा हिस्सा रद्द करा, पगार तेवढाच वाढेल. वाटणी कशीही केली तरी फरक शून्य.’

‘तुमच्याच पगारातून’ हे सपशेल खोटं नाही, म्हणूनच मेसेज पटतो. माणूस ठेवताना मालक एकूण खर्चच बघतो. चिलीत 1981 च्या पेन्शन सुधारणेनंतर मालकांवरचा बोजा घटला, तेव्हा पगार जवळपास तेवढेच वाढल्याचं अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांना आढळलं.

पण ‘रद्द करा, पगार वाढेल’ म्हणणारे स्वीडनचं नाव काढत नाहीत. तिथे 2007 ते 2009 मध्ये फक्त तरुण कामगारांसाठी मालकाचा हिस्सा जवळजवळ निम्म्यावर आणला. साएझ, शोएफर आणि सेइम या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले. वयाने थोड्याच मोठ्या सहकाऱ्यांच्या तुलनेत त्या तरुणांच्या हातात काहीच जास्त पडलं नव्हतं. त्यांच्या नोकऱ्या वाढल्या, हे मान्य. पगारवाढ जिथे झाली, तिथे ती सगळ्याच वयांच्या कामगारांत वाटली गेली. म्हणजे ज्याच्या नावचा हप्ता कमी झाला त्यालाच पैसे मिळतील, याची हमी नाही.

लिथुएनियाने तर बाजारावर भरवसाच ठेवला नाही. 2019 मध्ये मालकाचा बराचसा हिस्सा कामगाराच्या नावावर टाकताना करारातला पगार 1.289 ने गुणायचा, हे कायद्यातच घातलं. आपोआप होणार होतं, तर कायदा कशाला?

किमान वेतनावरच्या माणसाला तर हा हिशेब लागूच पडत नाही. त्याचा पगार आणखी खाली नेऊन मालकाला आपला हिस्सा वसूल करता येत नाही.

राहिलं ‘फरक शून्य’. जर्मनीत 1883 च्या आजारविम्यात कामगार दोन तृतीयांश भरायचे, मालक एक तृतीयांश, आणि निधीच्या कारभारात जागाही त्याच प्रमाणात. 1884 चा अपघातविमा पूर्णपणे मालकांच्या पैशावर, म्हणून कारभारही मालकसंघांच्या हाती. हा फरक शून्य कसा?

शिवाय दर वाढतो तेव्हा काय होतं ते बघा. शंभराच्या पगारावर हप्ता दोनने वाढला आणि वाटणी निम्मी-निम्मी असेल, तर पुढच्याच पगारात हातातला एक जातो. दुसरा एक मालकाला निदान पुढच्या वेतनकरारापर्यंत सोसावा लागतो. सगळा हप्ता कामगाराच्या नावावर असता, तर दोन्ही त्याच महिन्यात गेले असते, आणि भरपाई मागायला करार संपायची वाट बघावी लागली असती.